याकोब म्हणतो कर्म, पौल म्हणतो विश्वास: घरच्या प्रार्थना सभेत हा विषय कसा घ्यायचा

नव्या करारातल्या पौलाच्या आणि याकोबाच्या पत्रांवरून तारण विश्वासाने का कर्माने हा विषय निघाला की काय होतं ते सभेला जाणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. कोणीतरी पौलाच्या इफिसकरांस पत्रातलं २:८-९ काढतं, तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, म्हणजे कोणी बढाई मारायला नको. समोरून लगेच याकोब २:१७ येतं, क्रिया नसतील तर विश्वास निर्जीव. मग दोन्ही पार्ट्या आपापलं वचन अजून मोठ्या आवाजात वाचतात, घरवाली चहा टाकायला उठते आणि पाळकसाहेब म्हणतात दोन्ही महत्त्वाचंय, चला प्रार्थनेने संपवूया. "दोन्ही महत्त्वाचं" हे उत्तर चूक नाहीये, पण त्याने कोणाचं काही हललंय असं मी तरी बघितलेलं नाही.

मी बायकांचा आणि अधूनमधून युवक संघाचा बायबल अभ्यास घेते, थिऑलॉजीची डिग्री वगैरे नाही, त्यामुळे खाली जे लिहितेय ते एका संध्याकाळी पंधरा-वीस माणसांना घेऊन हा विषय नीट कसा उलगडायचा एवढ्यापुरतं आहे. लागणार काय, तर प्रत्येकाकडे बायबल, एक मोठा कोरा कागद, स्केच पेन, दीड तास. आणि आधीच बजावून ठेवा की यूट्यूबवरची प्रवचनं ऐकून उत्तरं पाठ करून येऊ नका, कारण तसं कोणी आलं की अभ्यास न होता वक्तृत्व स्पर्धा होते.

माझं मत पण आधीच सांगते म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. पौल आणि याकोब भांडत नाहीयेत, दोघं दोन वेगळ्या प्रकारच्या माणसांना झापतायत. आणि आपण जो वाद घालत बसतो ना, त्यातला बराचसा याकोब २:१५-१६ वाचायला लागू नये म्हणून घातलेला असतो. ती दोन वचनं काय आहेत ते पुढे येईलच.

सुरुवात वचनापासून नको, पत्र कोणाला गेलंय तिथून करा

गलतीकरांस पत्र उघडायला सांगा. तिथे भानगड अशी होती की यहुदी नसलेली माणसं येशूवर विश्वास ठेवून मंडळीत आली आणि मागाहून काही लोक येऊन त्यांना सांगायला लागले की नुसता विश्वास नाही चालत, सुंता करून घ्या, मोशेचं नियमशास्त्र पाळा, मगच तुम्ही खरे आतले. पौल इतका भडकलाय की बाकीच्या पत्रांत सुरुवातीला तो जे देवाचे आभार वगैरे मानतो तेसुद्धा ह्या पत्रात गाळलंय, सरळ मुद्द्यावर. त्याचं म्हणणं, येशूने फुकट उघडून दिलेल्या दाराशी बसून तुम्ही तिकीट फाडताय. रोमकरांस पत्र ३:२८ पण ह्याच अंगाने वाचायचं, नियमशास्त्राच्या कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो.

आता याकोबाचा २ रा अध्याय, पण १४ पासून नाही, १ पासून वाचा. सगळे १४ वर उडी मारतात तिथेच गडबड होते. अध्यायाची सुरुवात एका सभेने होते, तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला झकपक कपड्यातला माणूस आला आणि मळक्या कपड्यातला गरीबही आला, अंगठीवाल्याला तुम्ही म्हणता इकडे बसा ना साहेब, आणि गरिबाला म्हणता तू तिथे उभा राहा नाहीतर इथे माझ्या पायाशी बस. म्हणजे ही माणसं आधीच आत आहेत, "आमचा विश्वास आहे" असं म्हणतायत, त्यांना कोणी सुंता वगैरे सांगत नाहीये, त्यांचा प्रॉब्लेम वेगळाच आहे, विश्वास बोलण्यात आहे आणि खुर्च्या मांडताना नाहीये.

इथे थांबा. घाई करू नका. विचारा की आपल्याकडे नाताळच्या प्रोग्रामला पुढे जो कव्हर घातलेला सोफा ठेवतात तो कोणासाठी असतो? आधी सगळे हसतात. मग कोणीतरी म्हणतं पाहुण्यांसाठी. कोणते पाहुणे? मग हळूहळू निघतं, नगरसेवक, दवाखान्याचे मोठे डॉक्टर, ज्यांनी स्टेजचे पैसे दिले ते. आणि जी बाई दर शनिवारी चर्च झाडून काढते ती मागे, खांबाच्या आड, प्लास्टिकच्या खुर्चीवर. एका सभेत एक आजीबाई म्हणाल्या की अगं सोफ्याचं काय घेऊन बसलीस, लग्न जुळवताना मूळ कुठले म्हणून अजून विचारतातच की आपल्यात, आणि मग जी शांतता झाली ती मी मुद्दाम मोडली नाही. दहा-पंधरा मिनिटं इथे गेली तरी जाऊ द्या, कारण हे झाल्याशिवाय १४ वं वचन नुसतं थिअरी वाटतं.

मग अब्राहामाचा कागद

ही अख्ख्या संध्याकाळची मेन गोष्ट, आणि युवक मुलांना हे सगळ्यात आवडतं. पौल आणि याकोब दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात, आणि नुसतं तेवढंच नाही तर दोघंही तंतोतंत तेच वचन कोट करतात, उत्पत्ती १५:६, अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून मोजलं गेलं. पौलाने ते रोमकरांस ४:३ आणि गलतीकरांस ३:६ मध्ये घेतलंय, याकोबाने २:२३ मध्ये. एकाच वचनावरून एक म्हणतो कर्मांवाचून आणि दुसरा म्हणतो कर्मांनी, मग हे कसं काय?

कागदावर आडवी रेघ मारा आणि उत्पत्ती चाळत वयं लिहा, वाचणारे वेगवेगळे असू द्या:

७५ वर्षं, हारान सोडलं (१२:४)
वय दिलेलं नाही, रात्री तारे दाखवून देव वचन देतो आणि तो विश्वास ठेवतो (१५:६)
८६, इश्माएल झाला (१६:१६)
९९, सुंता (१७:२४)
१००, इसहाक झाला (२१:५)
पुन्हा वय नाही, इसहाक लाकडं वाहून नेण्याएवढा मोठा झालाय, देव त्याचं अर्पण करायला सांगून मोरियाच्या डोंगरावर पाठवतो (अध्याय २२)

आता विचारा पौलाचं बोट कुठे आहे. तो रोमकरांस ४:१० मध्ये स्वतःच विचारतो, हे मोजलं गेलं ते सुंतेच्या आधी का नंतर? आधी. रेघेवर बघा, १५ वा अध्याय आधी, १७ वा नंतर. म्हणजे देवाने त्याला आपलं म्हटलं तेव्हा त्याच्या खात्यावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, वय झालेलं, मूल नाही, नुसते तारे आणि एक शब्द. पौलाचा सगळा मुद्दा ह्या एका तारखेवर उभा आहे.

आणि याकोबाचं बोट? २:२१, इसहाकाला वेदीवर ठेवलं तेव्हा. म्हणजे २२ वा अध्याय, रेघेच्या पार त्या टोकाला, मधे बरीच वर्षं गेलेली आहेत. आणि मग तो म्हणतो की १५:६ मधलं जे लिहिलेलं होतं ते तेव्हा पूर्ण झालं. त्याने १५ वा अध्याय खोडलेला नाहीये, तो म्हणतोय की त्या रात्री जे बोललं गेलं ते खरं होतं हे ह्या डोंगरावर दिसलं. पौल सांगतो नातं सुरू कशाने झालं, याकोब सांगतो ते नातं जिवंत आहे हे कशावरून ओळखायचं. कागद समोर असला की हे सांगायला पण लागत नाही, कोणीतरी मुलगा-मुलगीच बोट ठेवून सांगते.

कोणीतरी हुशार नक्की विचारणार की देवाला काय २२ व्या अध्यायापर्यंत माहीत नव्हतं का? २२:१२ मध्ये तर म्हटलंय "आता मला कळलं". ह्यावर भल्याभल्यांनी पानंच्या पानं लिहिलीयेत, तुम्ही दोन मिनिटांत सोडवायला जाऊ नका. मी एवढंच म्हणते की अब्राहामाला तरी तोपर्यंत माहीत नव्हतं. आणि इसहाकाला पण नव्हतं.

पण माझ्या मते कागदावरची सगळ्यात कामाची जागा १५ आणि २२ च्या मधली आहे, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. मधे काय काय झालंय ते वाचा. १६ व्या अध्यायात देवाचं वचन आहे तरी धीर सुटला आणि दासी हागार हिच्याकडून मूल करून घेतलं, मग तिचा छळ झाला आणि अब्राहाम आपल्या बायकोला, सारेला, म्हणतो तुझी दासी आहे, तुला वाटेल ते कर. २० व्या अध्यायात अबीमलेख राजापुढे घाबरून बायकोला बहीण म्हणून सांगितलं, आणि हे दुसऱ्यांदा, आधी मिसरात पण हेच केलेलं. म्हणजे विश्वासाचा बाप म्हणतो आपण ज्याला त्याचा ग्राफ असा सरळ वर गेलेला नाहीये. मग कोणाच्या १६ व्या अध्यायात घुसून "ह्याचा विश्वास खोटा" असं सर्टिफिकेट द्यायची आपल्याला भारी हौस असते, ती जरा आवरायची. आणि उलट बाजूने, स्वतः १६ व्या अध्यायातच तंबू ठोकून बसलेला माणूस "माझं १५:६ झालंय ना" म्हणत असेल तर त्याला प्रेमाने विचारायचं की बाबा पुढचे अध्याय कधी.

राहाबेचं पटकन घ्या. याकोब २:२५ म्हणतो ती कर्मांनी नीतिमान ठरली, इब्री लोकांस ११:३१ म्हणतं विश्वासाने. बाई तीच, यरीहोची, गोष्ट तीच. यहोशवा २ वाचलं की दिसतं आधी तिने इस्राएलच्या हेरांना गच्चीवर काड्यांखाली लपवलं, आणि मग त्यांच्याशी बोलताना म्हणाली तुमचा देव वर आकाशात आणि खाली पृथ्वीवर देव आहे हे मला माहितीये. पकडली गेली असती तर जीव गेला असता. असा विश्वास आणि असं कर्म चाकूने वेगळं करायचं म्हटलं तर कुठे कापणार? आणि याकोबाने कोणाला कोणाशेजारी बसवलंय बघा, कुलपित्याच्या शेजारी वेश्या. अध्याय खुर्च्यांवरूनच सुरू झाला होता म्हणा.

२:१९ पण जाता जाता. देव एकच आहे असं भुतंही मानतात आणि थरथर कापतात. म्हणजे मतांगिकार (चर्चमध्ये पाठ म्हणतो ती विश्वासाची कबुली) घडाघडा म्हणता येणं ह्याला याकोब फार मार्क देत नाही.

ती दोन वचनं

आता १५-१६ मोठ्याने वाचायला लावा, आणि ज्याने सुरुवातीला वाद काढला असेल त्यालाच वाचू द्या (थोडी खोडी काढायला हरकत नाही). एखाद्या भावाकडे किंवा बहिणीकडे अंगावर कपडा नाही, रोजच्या खाण्याची भ्रांत आहे, आणि तुमच्यातलं कोणी त्यांना म्हणतं शांतीने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा, पण लागणारं काही देत नाही, तर उपयोग काय?

ह्याचं आपल्याकडचं भाषांतर म्हणजे "प्रार्थनेत आठवण ठेवते हं". व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाच्या तरी नवऱ्याची नोकरी गेल्याचं येतं आणि खाली हात जोडलेले चाळीस इमोजी. मी पण टाकते. प्रार्थना करूच नका असं याकोब म्हणत नाही, पुढे ५ व्या अध्यायात तोच आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. पण रेशनची पिशवी पोचवता येत असताना नुसते हात जोडलेले पाठवले तर ते ह्या वचनात बसतं.

दोन खड्डे, आणि आपल्याकडे दोन्ही आहेत

पहिला, कर्माने देवाला बांधून घ्यायचं. पुण्य साठवायची सवय आपल्या हवेतच आहे, बाप्तिस्मा घेतला म्हणून ती आपोआप जात नाही. दशांश दिला, लेंटचे चाळीस दिवस पाळले, तीन पिढ्या चर्चच्या कमिटीवर, मग माझ्याच मुलाला अ‍ॅडमिशन का नाही मिळाली? हा प्रश्न आला की समजायचं मनात कुठेतरी हिशोबाची वही उघडी आहे. आणि पंख्यांचं तर विचारूच नका, पात्यावर "अमुक कुटुंबाकडून कै. तमुक यांच्या स्मरणार्थ", प्रत्येक पात्यावर वेगळं, चालू केल्यावर कोणालाच वाचता येत नाही तरी लिहायचंच. मत्तय ६:३ मध्ये येशू म्हणतो उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. लूक १८ मधला परुशी मंदिरात उभा राहून नेमकी ही यादीच वाचतो, आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, आणि घरी नीतिमान होऊन जातो तो शेजारचा जकातदार, ज्याच्याकडे यादीच नव्हती.

दुसरा खड्डा जास्त पॉलिश केलेला असतो. कन्व्हेन्शनमध्ये हात वर केला, पुढे गेलो, रडलो, तारण झालं, तारीख बायबलच्या पहिल्या पानावर लिहिली, झालं. आता कर्माचं काही काढलं की लगेच "आपण कृपेखाली आहोत, नियमाखाली नाही". पौलाच्या नावावर हे खपवतात म्हणून पौलच काढायचा. इफिसकरांस २:८-९ वाचून थांबतात ना, त्यांना फक्त एक वचन पुढे जायला सांगा, २:१०, आपण सत्कृत्यांसाठीच ख्रिस्त येशूत निर्माण केलेले आहोत, देवाने ती आधीच योजून ठेवलीत. गलतीकरांस ५:६, प्रीतीच्या द्वारे काम करणारा विश्वास. तीताला पत्रात तर ३:५ ला म्हणतो आपल्या कर्मांनी तारलं नाही आणि तीनच वचनं पुढे ३:८ ला म्हणतो विश्वास ठेवणाऱ्यांनी चांगली कामं करण्याकडे लक्ष द्यावं. ८-९ चे स्टिकर गाड्यांवर दिसतात, १० चा स्टिकर मी अजून बघितलेला नाही.

कुठल्या खड्ड्यात कोण आहे ते बघून औषध द्यायचं. हिशोबाच्या वहीवाल्याला रोमकरांस पत्र, स्टिकरवाल्याला याकोब. उलट दिलं तर दोघांचंही दुखणं वाढतं. विशेषतः ज्या बाया आधीच अपराधीपणाने खंगलेल्या असतात, आपण देवासाठी काहीच करत नाही म्हणून रडतात, आणि घरात सासूचं सगळं त्याच बघत असतात, त्यांच्यावर याकोब घेऊन धावून जाऊ नका.

घरात कॅथलिक पाहुणे असतील तर

मिक्स कुटुंबं आता बरीच आहेत, सून वसईची कॅथलिक, जावई नगरचा प्रोटेस्टंट, त्यामुळे "तुमच्याकडे कर्मांनी तारण" आणि "तुम्ही याकोबाचं पत्रच मानत नाही" हे टोमणे जेवायच्या टेबलावर येतात. थोडा इतिहास माहीत असलेला बरा. प्रोटेस्टंट चळवळ ज्याच्यापासून सुरू झाली त्या मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या त्याच्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं होतं हे खरं आहे, पण ते पुस्तकातून काढलं नाही, आणि ते वाक्य नंतरच्या आवृत्त्यांत गाळलं. त्याच ल्यूथरने रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहिलंय की विश्वास ही जिवंत, सतत उद्योगात असलेली गोष्ट आहे, चांगलं न करता तिला राहवतच नाही. आणि १५१७ च्या ९५ मुद्द्यांतला ४३ वा बघा, पापक्षमेची पत्रं विकत घेण्यापेक्षा गरिबाला देणारा जास्त चांगलं करतो. दुसऱ्या बाजूने कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ च्या ठरावात कृपेशिवाय नुसत्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं म्हणणाऱ्याला सरळ धिक्कारलंय, त्यामुळे "कॅथलिक लोक पुण्य विकत घेतात" हेही तितकं सरळ नाहीये.

आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन दोघांनी मिळून नीतिमान ठरण्याबद्दलच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तिचा गाभा असा की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नाही तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देतो, जो आपल्याला चांगल्या कामांसाठी तयार करतो आणि बोलावतो. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण एवढं जमलंय ते आपल्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचायला काय हरकत आहे.

उदाहरण हवं तर केडगावचं द्या

पाश्चात्य संतांची उदाहरणं ऐकून लोक माना डोलावतात आणि विसरतात. पंडिता रमाबाई घ्या, आणि नेहमीसारखं "थोर समाजसेविका" म्हणून नाही तर ह्या विषयाच्या अंगाने घ्या, कारण त्यांच्या आयुष्यात हा प्रश्न अगदी उघडा पडलेला आहे.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टरांकडे राहायला गेल्या. तिथून त्यांना लंडनच्या फुलहॅममध्ये नेलं, जिथे समाजाने टाकून दिलेल्या बायकांना सिस्टर्स सांभाळत होत्या. शास्त्रं कोळून प्यालेल्या ह्या बाईने असं कधी बघितलेलं नव्हतं, अशा बाईला जवळ करायचं, परत उभं करायचं. त्यांनी विचारलं तुम्ही हे का करता, तर उत्तर म्हणून त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली, योहान ४. म्हणजे आधी काम दिसलं, मग ते काम ज्याच्यामुळे होतंय तो दिसला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, मग ते पुण्याला हलवलं, विधवांचं शिक्षण, देशभर नाव. आणि ह्या सगळ्या कामाच्या ऐन भरात, बाप्तिस्म्याला आठेक वर्षं होऊन गेल्यावर त्यांना जाणवलं की मला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. विचार करा, कर्माच्या बाबतीत आपल्यातल्या कोणापेक्षाही पुढे असलेली बाई म्हणतेय की माझी जागा रिकामी होती. आपल्यासारख्यांनी शाल-श्रीफळ घेऊन समाधान मानलं असतं.

मग त्यांनी काम कमी केलं का? १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बाया त्यांनी आणल्या, पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, विहिरी खणल्या, शेती, विणकाम, छापखाना. आणि तिथे कृपा सदन म्हणून एक भाग होता, नेमका तशाच बायकांसाठी ज्यांना फुलहॅममध्ये सिस्टरांनी जवळ केलेलं रमाबाईंनी बघितलं होतं. १९०५ चं आत्मिक जागरण झालं ते पण ह्याच आवारात, रात्र रात्र प्रार्थना आणि सकाळी त्याच मुली कामावर. कोणी तुम्हाला विचारलं आधी विश्वास का आधी कर्म, तर रमाबाईंची गोष्ट सांगा आणि उत्तर त्यांनाच काढू द्या, दोन्ही पार्ट्यांना थोडं थोडं अडचणीचं जातं ते.

स्वतःला तपासायचं कसं

शेवटची वीस मिनिटं ह्याला ठेवा, आणि हे मोठ्याने करू नका. प्रत्येकाने आपापल्या कागदावर. किती केलं ते लिहायचं नाही, मोजायला लागलं की पहिला खड्डा. याकोबाच्या पत्रातूनच प्रश्न काढायचे आणि उत्तरात माणसाचं नाव लिहायचं. १:२७, संकटातल्या अनाथांचा आणि विधवांचा समाचार घेणं, मी शेवटचं कोणाच्या घरी गेले? २:३, मी कोणाला मागे बसवते? ३:९, ज्या तोंडाने स्तुती करते त्याच तोंडाने कोणाला शिव्याशाप देते? आणि ५:४, शेतात राबलेल्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेलीये, माझ्याकडे कोणाचे पैसे अडकलेत? ह्या शेवटच्या प्रश्नाला पेन थांबतात. कामवालीचे सुट्टीचे कापलेले पैसे, गवंड्याचं राहिलेलं बिल, भावाचा वाटा. पैसे देऊन टाकणं ह्याला काही कोणी सत्कृत्य म्हणणार नाही, पण जक्कयाची गोष्ट (लूक १९) बघा, येशू घरी आला आणि त्या माणसाच्या तोंडून निघालं काय, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत. येशूने त्याला अट घातलेली नव्हती, नुसता घरी उतरायला आला होता.

मग एक नाव निवडायचं आणि ह्या आठवड्यात एक गोष्ट करायची. कागद घरी न्यायचा, कोणाला दाखवायचा नाही. पुढच्या सभेत "कोणी कोणी काय केलं" ही साक्षीची फेरी अजिबात घेऊ नका, एकदा का फेरी घेतली की पुढच्या वेळी लोक सांगण्यासारखं काहीतरी करतात.

काही जण म्हणतील आमच्याच्याने काही होत नाही, गुडघे गेलेत, पेन्शन नाही. त्यांना वधस्तंभावरचा चोर दाखवा, लूक २३. हातपाय खिळलेले, आयुष्य संपलेलं, बाप्तिस्मा नाही, दशांश नाही, आणि येशू म्हणतो आज तू माझ्याबरोबर असशील. पण बघा, जीभ मोकळी होती तर तेवढ्यात त्याने दुसऱ्या चोराला दटावलं, आपली चूक कबूल केली आणि निर्दोष माणसाला निर्दोष म्हटलं.

आणि एक प्रश्न हमखास येतो, शेजारचे काका चर्चला येत नाहीत, ख्रिस्ती नाहीत, पण आपल्या निम्म्या मंडळीपेक्षा माणूस चांगला, त्यांचं काय? मला विचाराल तर तो देवाचा विषय आहे, रोमकरांस २:१४-१६ वाचून दाखवा आणि सोडून द्या. याकोबाचा प्रश्न काकांना नाहीचे, २:१४ नीट वाचा, जो म्हणतो "माझा विश्वास आहे" त्याला आहे.

पुढच्या सभेला काय घ्यायचं विचारलं तर मी फिलेमोनाला पत्र सांगते. २५ वचनं, एका बैठकीत होतं. अनेसिम नावाचा दास मालकापासून दूर झालाय, पौलाकडे येऊन विश्वासात आलाय, आणि पौल त्याला परत पाठवताना मालकाला लिहितो की ह्याला आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे, काही देणं असेल तर माझ्या खात्यावर लाव. ज्याला आपण कर्माच्या विरोधातला समजतो तोच पौल एका विश्वासू माणसाकडून किती महाग कर्म मागतोय, आणि हुकूम न करता मागतोय. २२ वं वचन चुकवू नका. सगळं गोड बोलून झाल्यावर तो सहज म्हणतो, आणि हो, माझ्यासाठी एक खोली तयार ठेव. म्हणजे फिलेमोनाने ऐकलं का नाही ते स्वतः येऊन बघणार आहे.